रावबहादूर बोले यांची कारकीर्द आणि आपण

(अलिबागेकडील शेतकरी, भंडारी, आगरी, कोळी व कारागीर मंडळींच्या बैठकीत आम्ही केलेले भाषण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



आज आम्हांस एका मेंबराविषयी बोलावयाचे आहे. मेंबर म्हटले की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणून आहोत. मते मागावयास येतो तेव्हा तो आपल्या ओटीवर बसून ताक मागतो. निवडून आला म्हणजे त्याच्या ओटीखाली आपण उभे! हा अनुभव आपणांपैकी कोणास नाही? त्यातून अलीकडे आपल्या किनाऱ्यावर निवडणुकीस उभे राहणारे बरेचसे लोक दुकानदारी, ठेकेदारी, खाणावळ, होड्या असल्या लहानमोठ्या धंद्यांतून पुढे आलेले असतात. आपल्यातलाच धंदेवाला निवडून गेला म्हणून आपण गुलाल उधळतो. गुलाल धुतला गेल्यावर त्या माणसाने काय केले, हे विचारण्याची मात्र आपल्याला सवय नाही. ती लागावी म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या एका मेंबराची कारकीर्द आज आपणांपुढे मांडतो. ते मेंबर म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले. रावबहादूर ही इंग्रज सरकारची पदवी. पदव्यांचे आम्हांस वेड नाही, पण लोक त्यांना त्याच नावाने ओळखत, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो.

बोले जातीचे भंडारी. भंडाऱ्यांचा पूर्वापार धंदा कोणता, हे या बैठकीत सांगावयास नको. येथे बसलेल्यांपैकी काहींच्या आजोबांच्या पायांना माडाच्या खाचांचे घट्टे होते. पहाटे चढावयाचे, पोय छाटून मडके बांधावयाचे, सांजेस पुन्हा चढावयाचे. भांडवल ते किती? एक कोयता, एक दोर आणि काही मडकी. माड बहुधा बागाईतदाराचा. चढणारा खाली पडून मेला तर त्याच्या पोराने दुसऱ्या दिवशी तोच माड चढावयाचा. असा हा हातावर पोट असलेल्यांचा लहान धंदा.

या धंद्यावर १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. परवान्यावाचून झाडाला हात लावणे गुन्हा झाले, झाडपट्टी जड झाली, विक्रीचा हक्क लिलावात निघू लागला. लिलाव कोण घेणार? ज्याच्यापाशी थैली आहे तो. उरणास तर मोहाच्या दारूच्या भट्ट्याच होत्या आणि त्यांचा माल मुंबईस जाई. त्यांचे मालक पैसेवाले. कालपर्यंत जो आपल्या घामाचे विकत होता, तो दुसऱ्याच्या मक्त्याखाली मजूर झाला. पुढे १८९० साली मिठाचा कायदा आला. मिठागरात उभा जन्म घालविणाऱ्या आगऱ्याच्या पोराने घरापुरते मूठभर मीठ उचलले तरी तो चोर. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला. रानात आपोआप गळणारे फूल गोळा करावयासही सरकारचा हुकूम लागू लागला!

कोणी म्हणेल, दारूची तरफदारी करता काय? मुळीच नाही. जोतीराव फुले पुण्याच्या म्युनिसिपालिटीत होते तेव्हा, १८८० साली, त्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, आणि त्यांच्या मागून चालणारे आम्ही वेगळे काय बोलणार? आमचे म्हणणे दुसऱ्याच गोष्टीविषयी आहे. हे तिन्ही कायदे आपल्याकडून काही घेणारे होते. त्यांची अंमलबजावणी होण्यास किती वेळ लागला? शिपाई आला, झाड मोजले, नंबर टाकला, संपले. घेणाऱ्या कायद्याला सरकारचे पाय असतात. आपल्याला काही देणाऱ्या कायद्याचे काय होते, ते आता बोल्यांच्या कारकीर्दीत पाहू.

बोले यांचे सार्वजनिक आयुष्य मुंबईत गेले. मुंबई म्हटली तरी ती आपल्यापासून दूर नव्हे. रेवस, मांडवा, धरमतरच्या बंदरांतून याच किनाऱ्यावरची तरणी पोरे बोटीत बसून गिरण्यांत गेली. तेथे प्रौढ पुरुषाने दिवसाला किती तास काम करावे, याला कायद्याने काही सीमाच नव्हती. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीत ती बारा तासांवर आणून ठेवली. आणि बारा तासांना त्या काळी सुधारणा म्हणत! अशा गिरणीकामगारांसाठी १९१० च्या आसपास कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या चालकांत बोले प्रमुख. ही सभा आजच्या युनियनसारखी लढाऊ नव्हती. अर्ज करावा, मालकाशी बोलावे, तंटा तोडावा, हा तिचा रिवाज. पुढच्या लोकांनी तिला मवाळ म्हणून नावे ठेवली, ती अगदीच खोटी नव्हेत. पण ज्या वेळी कामगाराच्या बाजूने अर्ज लिहिणाराही कोणी नव्हता, त्या वेळी लिहिणारा एक भंडारी होता, हे विसरून कसे चालेल?

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०७ साली मुंबईत एक महार विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्या काळी ही एवढी मोठी गोष्ट की त्याच्या अभिनंदनासाठी सभा भरली. अध्यक्षस्थानी बोले होते. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला बक्षीस दिले. हे केळूसकर म्हणजे आपल्यापैकीच, शिवचरित्र लिहिणारे. त्या मुलाचे नाव भीमराव आंबेडकर. एक भंडारी अध्यक्ष, एक मराठा ग्रंथकार आणि एक महार विद्यार्थी अशी ती सभा. आमच्या मते ब्राह्मणेतर चळवळीचे चित्र काढावयाचे झाले तर तेच काढावे. दुर्दैवाने पुढे ते चित्र नेहमी तसे राहिले नाही. त्याचीही गोष्ट येईल, आम्ही ती लपविणार नाही.

आता कायदेकौन्सिलाकडे वळू. १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबईचे कौन्सिल मोठे झाले. मराठा व तत्सम जातींसाठी ७ राखीव जागा मिळाल्या. पण मत कोणाला? खेड्यात बहुतेक जिल्ह्यांत ३२ रुपये सारा भरण्याइतकी जमीन ज्याच्या नावे तोच मतदार. आपल्या खाचरांचा हिशेब करा म्हणजे कळेल, की या बैठकीतील किती जणांच्या पणजोबांना मत असते! कुळाला नाही, माडावर चढणाऱ्याला नाही, सुताराला नाही, कुंभाराला नाही. अशा कौन्सिलात बोले बसले होते. चोहोकडे सरकारी अधिकारी, सरदार, इनामदार, वकील आणि व्यापारी.

तेथे ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांनी ठराव मांडला आणि तो पास झाला. ठरावाचा आशय साधा होता. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालविलेली, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत. येथे एक बारकावा ध्यानात घ्या. बोल्यांनी देवळाचे नाव काढले नाही, जेवणाच्या पंक्तीचे काढले नाही, सोयरिकीचे काढले नाही. ज्यात सर्वांच्या पट्टीचा पैसा आहे तेवढेच बोलले. तू कर घेतोस ना? मग पाणी दे. हा शास्त्रार्थ नव्हे, हा हिशेब आहे, आणि हिशेबाला उत्तर देताना शास्त्रीबुवांची पंचाईत होते. लहान धंद्यावर जगणाऱ्या जातीच्या माणसाला हे सुचले, यात आम्हांस नवल वाटत नाही. माल कोणाचा आणि पैसा कोणाचा, हे त्याला लहानपणापासून पाठ असते.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ ला हुकूम काढून तो ठराव खात्यांना आणि जिल्ह्याजिल्ह्यांना पाठविला. मग काय झाले? जवळजवळ काहीच झाले नाही. कारण कौन्सिलाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. ती शिफारस. म्युनिसिपालिट्यांनी आणि लोकल बोर्डांनी कागद वाचला, दप्तरात बांधला आणि दप्तर फळीवर ठेवले. काही ठिकाणी कोणी उत्साही मेंबर होता म्हणून ठरावाला ठराव झाला. आपल्या जिल्ह्यातील महाडच्या म्युनिसिपालिटीने जानेवारी १९२४ मध्ये आपली तळी सर्वांना खुली असल्याचा ठराव केला. (त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा, रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.) ठराव झाला, पण चवदार तळ्याच्या काठावर उतरून एकाही अस्पृश्याने पाणी प्यावे अशी हवा गावात नव्हती. त्याच तळ्याच्या आसपासच्या घरांची धुणी तेथे चालत, गुरे पाणी पीत, परधर्माचा माणूसही पाणी घेऊ शके. बाजाराला आलेला महार-चांभार मात्र घोटभर पाण्याला महाग. त्या काळी महाडात अस्पृश्य समाजातील माणसाने चालविलेले एक लहानसे चहाचे दुकान होते. तेथे त्यांना बसता येई, पाणी मिळे. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे साथीदार तेथे जमत. महाडच्या परिषदेची खटपट करणाऱ्यांत हेच मोरे पुढे होते. कौन्सिलातल्या मेंबराइतकेच चहाच्या दुकानाचेही या इतिहासात स्थान आहे, असे आमचे मत आहे.

तीन वर्षे वाट पाहून ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या म्युनिसिपालिट्या आणि बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने ग्रँट देऊ नये! पहा, पुन्हा धंदेवाल्याचीच बुद्धी. उपदेश ऐकत नाही काय? मग तिजोरीची किल्ली फिरवा. आजच्या मेंबरांना आमचे सांगणे आहे की भाषणे कमी करून ही एक युक्ती शिकावी. कोणत्याही कामाचा पैसा कोठून येतो आणि तो कोणाच्या हुकमाने थांबतो, हे ज्याला माहीत नाही, त्याने विधानसभेत जाऊन करावयाचे तरी काय?

त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणपतीचे प्रकरण झाले. वर्गणी सर्वांची, मग पूजेचा मान सर्वांचा का नाही, हा प्रश्न प्रबोधनकार ठाकरे आदी मंडळींनी केला, त्यात बोलेही होते. तेथेही मुद्दा वर्गणीचाच.

आणि मग १९२७ साल उजाडले. १९ आणि २० मार्चला महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉक्टर आंबेडकर. वीस वर्षांपूर्वी बोल्यांच्या अध्यक्षतेखाली ज्यांचे कौतुक झाले ते. परिषदेला पाणी हवे, तेव्हा ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. १९२७ चे ४० रुपये! तळे शंभर पावलांवर भरलेले आणि हजारो माणसे पाणी विकत घेऊन पितात, असा तो देखावा. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचविले, की म्युनिसिपालिटीचा ठराव झालेलाच आहे, चला तळ्यावर. आणि माणसे निघाली. चारचारांच्या रांगा करून, शांतपणे. डॉक्टरांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग सर्वांनी घेतले. कौन्सिलातल्या कागदाला त्या दिवशी पाय फुटले. त्याआधी चार वर्षे तो कागद होता, ओंजळ नव्हती.

पुढचे सांगताना मान खाली जाते. अस्पृश्य लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई कोणीतरी उठविली आणि परत जाणाऱ्या लोकांवर, जेवावयास बसलेल्यांवर, बायकापोरांवर काठ्या पडल्या. वाटेवरच्या गावांतही त्यांना गाठून मारले. आवई उठविणारे कोण, याचा शोध आमची चळवळ नेहमी उत्साहाने करते. काठ्या कोणाच्या हातांत होत्या, याचा शोध करताना तिचा उत्साह थंडावतो. मंडळी, गावोगाव काठी घेऊन उभे राहणारे सगळे काही भटजी नव्हते. त्यांत नांगर धरणारे हात होते. मग तळे बाटले म्हणून ते शुद्ध करण्याचा विधी झाला. १०८ मातीच्या घागरींतून दही, दूध, शेण, गोमूत्र पाण्यात ओतले आणि मंत्र म्हटले. मंत्र कोणाचे ते आपण जाणतो. घागरी कोणी घडविल्या, तेही जाणतो!

४ ऑगस्ट १९२७ ला महाड म्युनिसिपालिटीने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पहा. बोल्यांचा पहिला ठराव बरोबर चार वर्षांपूर्वी याच दिवशी पास झाला होता. म्युनिसिपालिटीचे सुरबानाना टिपणीस चळवळीच्या बाजूचे असतानाही गावाच्या दडपणापुढे हे झाले. तेव्हा डॉक्टरांनी डिसेंबरात सत्याग्रह जाहीर केला. पुण्याच्या आमच्या तरुण पुढाऱ्यांनी, केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी, पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की चळवळीत ब्राह्मण नकोत. डॉक्टरांनी अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाला नाही, अशी त्यांची भूमिका. त्यांच्या बाजूस गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते आणि २५ डिसेंबरला मनुस्मृति जाळण्याचा ठराव मांडणारे हेच सहस्रबुद्धे. जेधे-जवळकरांबद्दल आमच्या मनात आदर आहे. परंतु तहानलेल्याच्या हातातले भांडे धरून आधी त्याला अटी घालणे चुकले, असे आम्ही आमच्याच पत्रात लिहितो. कोणास राग आला तर येवो. बोल्यांनी ठरावात अट घातली नव्हती.

डिसेंबरात महाडच्या दुकानदारांनी परिषदेच्या लोकांना वाणसामान विकण्याचे नाकारले. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. इकडे स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा लावला, की तळे सार्वजनिक नाही, चौधऱ्यांचे खाजगी आहे. कोर्टाने १४ डिसेंबरला तात्पुरती मनाई केली आणि त्या खेपेस सत्याग्रह थांबवावा लागला. दावा चालत चालत मुंबई हायकोर्टात गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला, की अस्पृश्यांना मनाई करण्याची अनादि वहिवाट सिद्ध होत नाही. १९२३ पासून मोजा. चौदा वर्षे. माडावर नंबर टाकण्यास शिपायाला चौदा दिवस लागले असतील काय?

आता आपल्या जमिनीकडे येतो. इतका वेळ कोणी मनात म्हणत असेल, की हे सारे महार बंधूंच्या पाण्याचे झाले, यात आमचे काय? म्हणून सांगतो. ज्या बोल्यांनी पाण्याचा ठराव आणला, त्यांनीच खोतीविरुद्धही कौन्सिलात विधेयक आणले होते. खोत म्हणजे सरकार आणि रयत यांच्यामधला मध्यस्थ. सारा भरतो म्हणून गावाचा धनी होऊन बसलेला. कुळाने अर्धे पीक द्यावे, वर वेठ करावी, फणस पहिला खोताच्या घरी, लग्न निघाले तर खोताला विचारावे. बोल्यांचे विधेयक तडीस गेले नाही. जमीनदार-इनामदारांनी भरलेल्या कौन्सिलात ते कसे जाणार? पाण्याचा निदान ठराव तरी पास झाला. त्यात कोणाची मिळकत जात नव्हती. जमिनीच्या प्रश्नाला हात घालताच मेंबरांच्या भाषणांतली भूतदया आटली.

मग ते काम कोणी केले? आपल्या खारेपाटाने केले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी गावी सभा झाली आणि पंचवीस गावच्या कुळांनी ठरविले, की सावकार-खोतांची जमीन कसावयाची नाही. पुढारी नारायण नागू पाटील, आगरी समाजातले. सहा वर्षे नांगर उभा राहिला! सहा वर्षे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात कणगी आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. लोक रानातला लाकूडफाटा विकून, खाडीतली मासळी धरून, कंदमुळे खाऊन जगले. पण एक कूळ फुटून जमीन करावयास गेले नाही तोवर खोताच्या जमिनीला किंमत शून्य. १६ डिसेंबर १९३४ ला चरी येथे शेतकरी परिषद भरली, अध्यक्ष डॉक्टर आंबेडकर. ज्या लोकांनी महाडचे पाणी नाकारले, त्यांच्याच जातीची कुळे या खेपेस त्यांच्यापुढे बसली होती. कोणी कोणास टोमणा मारला असे आम्ही ऐकले नाही. १९३७ साली नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे पत्र काढले.

त्याच वर्षी नव्या असेंब्लीच्या निवडणुका झाल्या. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉक्टरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तेही लगेच पास झाले नाही. पण आता विधेयकाच्या मागे माणसे होती. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि घाटावरचे सुमारे २० हजार शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. कांबळी खांद्यावर, भाकरी फडक्यात. बोल्यांच्या विधेयकाला कौन्सिलाबाहेर कोणी वाली नव्हता; याला होता, एवढाच फरक. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा आला आणि चरीचा संप मिटला. १९४८ चा कूळ कायदा आला. १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानले. बोल्यांनी आपल्या हयातीत हे सर्व पाहिले. ते १९६१ साली वारले, वय नव्वदीच्या पुढे.

भंडाऱ्यांच्या धंद्याचे पुढे काय झाले, हे विचाराल तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने माडावरची शिडीच काढून घेतली. समाजातले काही जण दुसऱ्या धंद्यांत शिरून वर आले. रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सुतारकामापासून सुरुवात करून ते मुंबईत मोठे कंत्राटदार झाले आणि रत्नागिरीस पतितपावन मंदिर बांधून ते सर्व जातींना खुले केले. पण सर्वच जण भागोजीशेठ होत नाहीत. बहुतेकांची पोरे मुंबईच्या चाळीत गेली.

बोल्यांच्या कारकीर्दीत उणे नव्हते असे आम्ही म्हणत नाही. ते कौन्सिलातले गृहस्थ होते, खेड्यातल्या चिखलात उतरून संघटना बांधणारे नव्हते. त्यांचा कागद महाडला नेण्यास मोरे, चित्रे, टिपणीस आणि आंबेडकर लागले. तसा खोतीचा कागद घेऊन चरीला जाणारा त्यांना वेळेवर मिळाला नाही, त्यांनीही तो शोधला नाही. तरीपण महाडच्या माणसांच्या हातांत तो कागद नसता, तर तळ्यावर जाताना ते कायद्याने वागत आहेत असे त्यांना छाती ठोकून म्हणता आले नसते. हायकोर्टात तेच कामी आले, की तळे म्युनिसिपालिटीचे आहे.

आता घरचा प्रश्न. १९५७ चा कृषकदिन होऊन इतकी वर्षे झाली. पण या बैठकीत येण्यापूर्वी काही घरचे सातबारे आम्ही पाहिले. कुळाचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात अजून तसेच पडलेले. आजोबांनी जमीन कसली, बापाने कसली, नातू कसतो आहे आणि वर मालकाच्या जागी अलिबाग-मुंबईत राहणाऱ्या कोणाचे तरी नाव! कलम ३२ग प्रमाणे किंमत ठरली की नाही, ठरली तर भरली की नाही, भरली तर ३२म चा दाखला घेतला की नाही, घेतला तर फेरफार झाला की नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. ‘मामलेदार कचेरीत कागद असेल’ असे म्हणून आपण स्वस्थ. इकडे किनाऱ्यावर जमिनीचे भाव चढले आहेत, मुंबईचे गिऱ्हाईक बंगल्यासाठी फिरते आहे आणि दलाल आपल्या आधी तलाठ्याकडे जाऊन नक्कल घेऊन येतो. मते मागावयास येणाऱ्या धंदेवाल्या उमेदवाराला या रकान्याविषयी विचारा. त्याचा चेहरा पहा. ज्याला उत्तर देता येईल त्याचा विचार करू.

तोवर पुढच्या रविवारी याच जागी पुन्हा जमावयाचे आहे. येताना प्रत्येकाने सातबाराची ताजी नक्कल आणावी. जुना फेरफार, ३२ग चा हुकूम, किंमत भरल्याची पावती, आजोबांच्या पेटीत मिळेल तो चिटोरा आणावा, फाटका असला तरी चालेल. ज्यांना जमीन नाही त्या सुतार, कुंभार, लोहार, न्हावी मंडळींनी घरपट्टीचा उतारा आणावा; घराखालची जागा कोणाच्या नावे लागली आहे, ते पाहू. वाचता येणारी मुले-मुली बरोबर आणा, कागद बरेच असतील.